लग्नाचा कॅमेरा, घटातला गहू

आमच्या घरात चातुर्मास लागला की दोन गोष्टी बंद होतात. एक म्हणजे कांदा, आणि दुसरी माझ्या साळ्याचा धंदा.

कांदा आईमुळे बंद होतो. कांदेनवमीला ती पोटाला तडस लागेपर्यंत कांदाभजी खाऊ घालते आणि त्याच संध्याकाळी टोपलीतले उरलेसुरले कांदे शेजारी देऊन टाकते. साळ्याचा धंदा देवामुळे बंद होतो. देव झोपले की लग्नं नाहीत, आणि लग्नं नाहीत म्हटल्यावर लग्नाचं शूटिंग करणारा माणूस काय करणार? तो बहिणीकडे येतो.

साळेबुवांचा फोटो स्टुडिओ शेलूबाजारला, हायवेच्या कडेला. आम्ही राहतो रिठदला. एरवी ते दिवाळीपुरते यायचे. त्या वर्षी मात्र आषाढातच आले आणि येताना सगळा संसार घेऊन आले: दोन कॅमेरे, लाइटांचे स्टँड, वायरींचे वेटोळे, आणि लग्नात नवरानवरीच्या मागे लावतात तो भलामोठा एलईडी पडदा. पडदा तुकड्यातुकड्यांत पेट्यांमध्ये बांधलेला. आमच्या समोरच्या खोलीत पेट्यांची अशी रास लागली की पाहुण्यांना बसायला पेट्याच उरल्या.

"दुकानाचं भाडं परवडून नाई राह्यलं, भाऊजी," ते म्हणाले. "सोयाबीनले भाव नाई म्हणून लोकं लग्न साधं करून राह्यले. साधं म्हंजे काय, त जेवण तेवढंच, डीजे तेवढाच, फक्त शूटिंग मोबाइलवर."

मी सहानुभूतीनं मान हलवली. त्या सहानुभूतीत थोडा स्वार्थ होता, कारण दुखणं माझंही तेच होतं. मी केनवडच्या बाजूला एका विनाअनुदानित कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. 'विनाअनुदानित' या शब्दाचा अर्थ नातेवाइकांना समजावून सांगता सांगता माझं टक्कल पडलं. थोडक्यात असं, की पोरांनी फी भरली तर पगार होतो, आणि पोरांच्या बापांच्या सोयाबीनला भाव मिळाला तर फी भरली जाते. म्हणजे माझा पगार मोंढ्यात, धान्याच्या बाजारात ठरतो.

आमच्या लॅबची अवस्था तर विचारू नका. मायक्रोस्कोप बरेच होते, पण त्यातला एकच दाखवायचा. बाकीच्यांच्या भिंगांवर बुरशी चढली होती. बुरशीचा पाठ शिकवताना ती सोय होती, इतर पाठांना अडचण. एका मायक्रोस्कोपपुढे पोरं रेशनच्या दुकानासारखी रांग लावायची. प्रत्येक जण डोळा लावून "दिसलं सर" म्हणायचा आणि पुढं सरकायचा. काय दिसलं हे मी विचारत नसे. विचारलं असतं तर तास संपला नसता आणि माझी अब्रूही उरली नसती.

हे सगळं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण त्या पावसाळ्यात प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं. आमचे प्राचार्य दार लोटून कधी चांगली बातमी देत नाहीत.

"विद्यापीठाची समिती येणार आहे," ते म्हणाले. "दसरा झाल्यावर. लॅब पाहतील. प्रॅक्टिकल होतं असं दिसलं नाही, तर पुढल्या वर्षी आपला तिसऱ्या वर्षाचा वर्ग बंद."

"मायक्रोस्कोप घेऊ की सर," मी म्हणालो.

प्राचार्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची किडनीच मागितली होती.

मला नोकरीची काळजी होतीच. पण खरी गोष्ट वेगळी होती. माझी पोरगी माझ्याच वर्गात, दुसऱ्या वर्षाला होती. तिला पुढे शिकायचं होतं, बियाण्यांवर काम करायचं होतं. तिसरं वर्ष इथं बंद झालं तर बाहेरगावी होस्टेल, मेस, जाणं-येणं हे सगळं आलं, आणि मोंढ्याकडे पाहता ते त्या वर्षी आमच्यानं होणारं नव्हतं. शिवाय आईनं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, शेती ओलिताची. आई दुष्टपणा करत नव्हती, तिचा हिशोब सरळ होता: "पोरगी शिकून राह्यली त शिकू दे. पण शिकणंच बंद झालं, त घरी बसून काय भिंती मोजीन? करून टाकू."

 त्या दिवसापासून पोरगी मला रोज सकाळी चहा देताना विचारू लागली, "बाबा, समितीचं काय झालं?" ज्या आवाजात माणसं दवाखान्याबाहेर विचारतात, त्या आवाजात.

तर अशी सगळी चिंता घेऊन मी एका संध्याकाळी समोरच्या खोलीत एलईडीच्या पेटीवर बसलो होतो. साळेबुवा कॅमेऱ्याची काच पुसत होते. मी त्यांना समितीचं सांगितलं. एकच मायक्रोस्कोप आणि एवढी पोरं, प्रत्येकाला कसं दाखवू, असं काहीतरी म्हणालो.

"भाऊजी, तुमी कायले येवढं टेन्शन घेऊन राह्यले?" ते म्हणाले. "लग्नात नवरीचं तोंड किती लोकायले दिसते? समोरच्या दोन लाइनीले. मागचे हजार लोकं काय पाहतात? पडदाच पाहतात ना!"

मी म्हणालो, नवरी आणि कांद्याची पेशी यांत फरक आहे.

"लाजणं सोडलं त काय फरक हाय? कॅमेरा लावला की दोघीबी दिसतीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही मायक्रोस्कोप घरी आणला. नळीवर कॅमेरा बसवायचा म्हटलं तर तो बसेना. एक बारीक, एक जाड. साळेबुवांनी शेतातल्या तुषार सिंचनाच्या पाइपातलं काळं रबर काढून आणलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, वरून चिकटपट्टी मारली. ते ध्यान पाहून माझ्यातला प्राध्यापक शरमला. पण पडदा लागला आणि त्यावर माझ्या छपरापर्यंत कांद्याचा पापुद्रा उभा राहिला, एकेक पेशी विटेएवढी, तेव्हा माझी बायको स्वयंपाकघरातून कणकेच्या हातानं धावत आली.

"बाप्पा! हे कांद्यात असते?" ती म्हणाली, आणि लगेच सासूच्या खोलीकडे पाहून आवाज बारीक केला. चातुर्मास चालू होता.

पडदा कॉलेजात गेला. लॅबच्या भिंतीला उभा केला. साळेबुवा रोज माझ्या मोटरसायकलवर मागे बसून कॅमेरा छातीशी धरून येऊ लागले. ज्या पोरांना सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला जावं लागे, त्यांच्यासाठी ते सगळं रेकॉर्ड करून मोबाइलवर पाठवायचं ठरलं. प्राचार्यांनी याला 'डिजिटल प्रयोगशाळा' असं नाव दिलं आणि दारावर पाटी लावली. पाटीला रंग आमच्याच शिपायानं दिला, म्हणून तीही फुकटात झाली.

एक भानगड होती. साळेबुवांना शूटिंग फक्त लग्नाचंच येत होतं.

पहिला व्हिडिओ मोबाइलवर आला तो मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर उघडला. सुरुवातीला झेंडूच्या पाकळ्या पडल्या. मग सनई. मग मी लॅबच्या दारातून आत येतोय असं स्लो मोशनमध्ये दिसलं. माझं टक्कल चमकलं आणि त्यातून एक तारा निघाला. मग बदामाच्या आकाराच्या चौकटीत कांद्याचं मूळ. गणिताचे सर म्हणाले, "जोडा छान आहे."

मी घरी येऊन फारच चिडलो. साळेबुवांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाकळ्या काढतो," ते म्हणाले. "पन सनई राहू द्या. सनईशिवाय माह्या हाताले एडिटिंग येत नाई."

आणि मग पेशीविभाजनाचा पाठ आला. हा पाठ मी पंधरावीस वर्षं शिकवतोय आणि पंधरावीस वर्षं पोरं त्याचे टप्पे उलटेसुलटे लिहितात. आधी गुणसूत्रं जाड होऊन दिसू लागतात, मग पेशीच्या मधोमध एका ओळीत उभी राहतात, मग त्यांची दोन टोकांना ओढाताण होते, मग एका पेशीच्या दोन होतात. प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज, टेलोफेज. नावं इतकी नीरस की मलाही सांगताना जांभई येते.

साळेबुवांनी मला हे दोनदा समजावून सांगायला लावलं. त्यांना कुठे कोणतं संगीत टाकायचं ते ठरवायचं होतं.

"म्हंजे पयली हळद," ते बोटांवर मोजत म्हणाले. "सगळे जमून राह्यले, धावपळ चालू. मंग हे मधोमध लाइनीत उभे, म्हंजे अंतरपाट. दोन्हीकडचे समोरासमोर, मंगलाष्टक चालू. मंग वढून घेऊन राह्यले इकडं-तिकडं, म्हंजे बिदाई. मंग दोन घरं."

"अहो, उलटं आहे," मी म्हणालो. "लग्नात दोन घरांचं एक होतं. इथं एकाची दोन होतात."

साळेबुवांनी कॅमेरा खाली ठेवला. "भाऊजी, एवढ्या वर्षांत मी हजार लग्नं शूट केली असतीन. लग्नानंतर दोन घरांचं एक झालेलं मी एकबी नाई पाह्यलं. एका घराचे दोन होतात. चुली वेगळ्या, मीटर वेगळे."

बायको आतून फिसकन हसली. मी माझ्या भावापासून वेगळा झालो त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे मी शास्त्रीय मुद्दा पुढे रेटला नाही.

व्हिडिओ गेला. ॲनाफेजला त्यांनी बिदाईची अशी सनई लावली होती की वसतिगृहातली एक पोरगी तो पाहून रडली म्हणे. आणि पुढच्या आठवड्यात चाचणी घेतली तर सगळ्या वर्गानं टप्पे बरोबर लिहिले. एकानं तर 'ॲनाफेज' लिहून कंसात 'पाठवणी' लिहिलं होतं. मी त्याचा अर्धा गुण कापला, मग परत दिला. पोरं साळेबुवांना 'मामा' म्हणू लागली. मला अजून 'सर'च म्हणत होती.

असं बरं चाललं होतं. समितीला दाखवायला खरे, ताजे नमुने हवेत म्हणून मी कांदे पाण्यावर ठेवायचे ठरवले. ग्लासच्या तोंडावर कांदा ठेवला, बूड पाण्याला टेकवलं, की दोनतीन दिवसांत पांढरी मुळं सुटतात. त्या मुळांच्या टोकाला विभाजन चांगलं दिसतं. लॅबमध्ये ठेवले होते ते उंदरांनी नेले. म्हणून मी ग्लास घरी आणले आणि गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे लपवले.

लपवायची गरज नव्हती. आईला सांगितलं असतं, "हे कॉलेजचे आहेत, खायचे नाहीत," तर तिनं काही म्हटलं नसतं. पण घरात चातुर्मास चालू असताना कांद्याचा 'क' काढायची माझी हिंमत होत नाही. वय पन्नाशीच्या घरात, वर्गात पोरांवर ओरडणारा माणूस, आणि घरात ग्लासभर कांदा घेऊन जिना चढताना चोरासारखा पाय न वाजवता चढतो.

घरात घट बसले. आईनं दरवर्षीसारखी देवघरात पत्रावळीवर शेतातली काळी माती पसरली, गहू पेरले, वर घट ठेवला. रोज एक माळ. गहू तरारून वर आले. आणि सातव्या माळेच्या संध्याकाळी प्राचार्यांचा फोन आला.

"समिती उद्याच येते आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. "दुसऱ्या कॉलेजला आले आहेत, म्हणतात जाता जाता तुमचंही उरकू."

मी म्हणालो, काळजी करू नका सर, कांदे तयार आहेत.

सकाळी अंघोळ करून मी गच्चीवर गेलो. टाकीमागे ग्लास ओळीनं पालथे घातलेले. स्वच्छ धुतलेले. कांदे नाहीत.

खाली येऊन मी आईला विचारलं. आई देवघरात फुलं निवडत होती.

"ते व्हय?" ती म्हणाली. "काल सांजेले पाह्यले मी. माहं म्हननं काय, पाव्हण्यायले कांदा खायचाच असला त ढाब्यावर खा, देवीचे दिवस हायेत. आमच्या गच्चीवर कायले लपवून ठेवता? मी गल्लीतल्या बकरीले टाकून देले."

"मावशी!" साळेबुवा दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर आले. "माहे नव्हते ते!"

"तुमचे नव्हते? मंग काल दुपारी तोंडाले वास कायचा येऊन राह्यला व्हता?"

साळेबुवा परत आत गेले. वासाचं खरं होतं.

मी खुर्चीत बसलो. लसणालाही मुळं येतात, पण कांद्याबरोबर आमच्याकडे लसूणही जातो. हरभरा भिजवावा तर मुळं यायला दिवस लागतात आणि समिती दुपारी येणार. आधी केलेल्या स्लाइड होत्या, व्हिडिओ होते. पण "ताजं करून दाखवा" असं कोणी म्हटलं तर? आणि समितीतलं कोणी ना कोणी ते म्हणतंच. त्यांना त्यासाठीच पाठवतात.

पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती देवघरासमोर जाऊन बसली आणि घटाकडे बघत राहिली. मला वाटलं नवस बोलते आहे.

"आजी," ती म्हणाली, "गव्हाले बी मुळं असतात."

मी म्हणालो, "अगं, ते देवीचं आहे."

"मालूम आहे मले, बाबा. म्हणूनच तर आजीले विचारून राह्यली, तुमाले नाही."

आईच्या हातातलं फूल हातातच राहिलं. घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत त्या अंकुरांना आमच्याकडे कोणी हात लावत नाही; लहानपणी मी एकदा एक पात उपटली होती तेव्हा तिनं मला दुपारभर ओसरीवर उभं केलं होतं.  मला वाटलं आता स्थळाचा विषय निघणार.

"किती पायजेत?" आईनं विचारलं.

"थोडे. कडेचे चालतीन."

"वर्ग बंद पडला त पडतेच का मंग खरंच?"

"पडते, आजी."

आईनं दिव्यातली वात पुढे सारली, डोळ्यांना पदर लावला, हात जोडले. देवीशी तिचं काहीतरी बोलणं झालं. आम्हाला ऐकू आलं नाही. मग तिनं स्वतःच्या हातानं कडेचे काही अंकुर मातीसकट अलगद उचलले आणि ओल्या रुमालात ठेवले.

"मुळं कापा," ती म्हणाली, "पन वरचे तुरे वापस आना. दसऱ्याले देवीले लागतीन. आनि इकडं तिकडं टाकू नका. बकरीले त अजिबात नाई."

समिती दुपारी आली. तिघं होते, प्रमुख एक मॅडम, चष्म्यावरून पाहणाऱ्या. साळेबुवांना मी बजावून ठेवलं होतं की फक्त मायक्रोस्कोपपाशी थांबा. पण फाटकात गाडी थांबली, तीन माणसं उतरली, समोर प्राचार्य शाल-नारळ घेऊन उभे, आणि साळेबुवांच्या अंगात लग्नाचा हंगाम शिरला. ते कॅमेरा खांद्यावर टाकून धावले आणि समितीसमोर उलटं चालत शूटिंग करू लागले. लॅबपर्यंत. दाराशी पोचल्यावर म्हणाले, "मॅडम, एक डाव परत फाटकातून येता का? लाइट बरोबर नाई आला."

प्राचार्यांनी डोळे मिटले.

"आम्ही मुलीकडचे की मुलाकडचे?" मॅडमनी विचारलं. हसल्या नाहीत. परतही गेल्या नाहीत.

आत त्यांनी सगळं पाहिलं. कपाट उघडलं, बुरशीचे मायक्रोस्कोप पाहिले, कपाट बंद केलं. पडद्यावर व्हिडिओ पाहिला. सनईशिवायचा, एवढी अक्कल मी दाखवली होती. मग त्या म्हणाल्या, "तयार व्हिडिओ कोणीही दाखवेल. माझ्यासमोर ताजी स्लाइड करा. सरांनी नाही, मुलांपैकी कोणी." आणि वर्गावर नजर फिरवून ओला रुमाल धरून उभ्या असलेल्या पोरीकडे बोट केलं. "तू. काय आहे त्यात?"

ती माझी पोरगी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी दोन पावलं मागं सरकून भिंतीला टेकलो. 

"गहू, मॅडम," ती म्हणाली. आवाज बारीक, पण शाबूत.

"कांदा का नाही?"

"चातुर्मास आहे ना. आमच्या घरी कांदा नसतो."

मॅडमनी चष्मा वर केला. "माझ्याही घरी नसतो," त्या म्हणाल्या. "कर."

तिनं मुळांची टोकं कापली, रंगाच्या थेंबात घालून स्पिरिटच्या दिव्यावर ऊन केली, काचेवर ठेवली, अंगठ्यानं दाबली. स्लाइड मायक्रोस्कोपखाली गेली. पडद्यावर एक प्रचंड हवेचा बुडबुडा आला. दुसरं काही नाही. मोठ्या पडद्याचा हा तोटा मी कधी लक्षात घेतला नव्हता: चूकसुद्धा भिंतीएवढी दिसते.

तिनं दुसरी केली. पेशी दिसल्या, पण सगळ्या झोपलेल्या. विभाजन एकीतही नाही. एक समितीवाले घड्याळाकडे बघू लागले. मी देवीला म्हणालो, माते, तुझाच गहू आहे. साळेबुवा कॅमेऱ्याशी वाकून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा गप्प.

तिसरी स्लाइड. ती सावकाश सरकवत होती. पेशी, पेशी, पेशी. एकदम एक पेशी आली, गुणसूत्रं गच्च जमलेली, गव्हाची असतात तशी पुष्कळ, पण मधोमध एका ओळीत, आडवी, स्वच्छ.

"अंतरपाट!" मागच्या बाकावरच्या सगळ्या पोरी एका सुरात ओरडल्या.

 प्राचार्यांनी परत डोळे मिटले.

"काय म्हणालात?" मॅडमनी विचारलं.

पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी माझी पोरगी म्हणाली, "मॅडम, मेटाफेज. मधोमध उभे आहेत ना समोरासमोर, म्हणून आमी अंतरपाट म्हणतो. याच्या आधी हळद, याच्या नंतर बिदाई. आता जर बाजूची पेशी पाहिली..." आणि तिनं स्लाइड सरकवली, तर खरोखर बाजूलाच एक बिदाई चालू होती.

मॅडम पडद्याजवळ गेल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग वर्गाकडे वळून म्हणाल्या, "बरं. या अंतरपाटाच्या वेळी दोन्हीकडून यांना धरून कोण ठेवतं?"

"मामा!" मागून एक पोरगा बोलून गेला, आणि जीभ चावून म्हणाला, "म्हंजे, स्पिंडल फायबर, मॅडम."

आता मात्र मॅडम हसल्या. चष्मा काढून, पदरानं डोळे पुसून हसल्या. मी भिंत सोडली. साळेबुवांना वाटलं आता बोलायला हरकत नाही, ते म्हणाले, "मॅडम, कांद्याचं साधं लग्न असते. गव्हाचा म्हंजे सामूहिक विवाह हाय, म्हणून गर्दी जास्त." कोणी त्यांना थांबवलं नाही.

जाताना मॅडमनी त्या तुषारच्या रबराला हात लावून पाहिला, "हे कोणाचं डोकं?" असं विचारलं. मी आणि साळेबुवा एकाच वेळी "माझं" म्हणालो. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "त्यांचं."

तुरे घरी आले, रुमालात, जसेच्या तसे. दसऱ्याला आईनं ते देवीला वाहिले. मग शस्त्रपूजेला विळा, कोयता, पावडं यांच्या ओळीत साळेबुवांनी कॅमेरा ठेवला आणि पोरीनं मायक्रोस्कोप. आई हळदकुंकवाचं बोट थेट भिंगाकडे नेत होती. आम्ही चौघं एकदम "आई! आजी! मावशी!" असं ओरडलो की शेजारचे धावत आले.

निकाल दिवाळीनंतर कळला. प्राचार्यांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर टाकी साफ करत होतो. "चालू ठेवा म्हणाले," ते म्हणाले. "तिसरं वर्ष चालू. मायक्रोस्कोप घ्या असंही म्हणाले, पण सवडीनं." मी उलट्या बादलीवर बसलो.  किती महिन्यांपासून मी खांदे कानापर्यंत ओढून फिरत होतो ते खांदे खाली आले तेव्हा कळलं. खाली अंगणात पोरगी कपडे वाळत घालत होती. मी वरून ओरडून सांगितलं. तिनं हातातला ओला टॉवेल तोंडावर दाबला आणि तशीच उभी राहिली.

मग तुळशीचं लग्न लागलं, देव उठले, आणि साळेबुवा पेट्या बांधून गेले. पडदा मात्र लग्न नसेल त्या दिवशी कॉलेजात राहील असं त्यांनी कबूल केलं. हंगामातलं त्यांचं पहिलं शूटिंग केनवडला, आमच्याच नात्यात होतं. आम्ही सगळे गेलो. मंगलाष्टकं संपून अंतरपाट खाली आला तेव्हा मांडवाच्या एका कोपऱ्यातून पोरींचा दबका कल्ला आला. आमच्या वर्गातल्याच होत्या. साळेबुवांनी कॅमेऱ्यामागून त्यांना अंगठा दाखवला. भटजींना काही कळलं नाही.

पंगतीत आई माझ्याशेजारी बसली होती. शेलूबाजारकडची एक ओळखीची बाई तिच्या पलीकडे. ती स्थळाचंच विचारायला आली होती हे मला कळत होतं.

"मंग, आता नातीचं कधी करता?" तिनं विचारलं.

आईनं वांग्याचं भरीत भाकरीवर घेतलं.

"कॉलेज बंद पडलं असतं त केलं असतं," ती म्हणाली. "पडलं नाई. तिले अजून तिसरं वर्ष हाय. त्याच्याउपर ते बियाण्याचं काय म्हणते, ते हाय."

"अन् पोरगा थांबला नाई मंग?"

"नाई थांबला त नाई," आई म्हणाली, आणि ताटातला कांदा मुठीनं फोडून कचकन खाल्ला. चार महिन्यांनंतरचा तो पहिला कांदा होता.